उंबऱ्यावरचं बदक

१

संध्याकाळी सहाच्या सुमाराला घंटी वाजली की वहिनी गॅस बारीक करायची, हात पुसायची, फडताळावरचं बदक उचलायची आणि दाराकडे निघायची.

बदक लाकडाचं होतं, चार चाकांचं. एके काळी पिवळं असावं, आता रंग फक्त चोचीपुरता उरला होता. स्वयंपाकघरापासून दारापर्यंतचा बोळ बरोबर अकरा पावलांचा. दाराशी पोचलं की बदक खाली ठेवायचं, तोंड बाहेर करून. दार वीतभर उघडायचं. कोपऱ्यातली काठी घेऊन बदकाला मागून हलकेच ढकलायचं. इतक्या वर्षांत उंबरा मधोमध झिजून गेला होता, त्या खोलगटीतून ते कुईं कुईं करत बाहेर जिन्यावर जायचं. बाहेर नवरा दाराकडे पाठ करून उभा असायचा. चाकं वाजली की तो वळायचा, बदक उचलायचा आणि "आलो गं," म्हणत आत यायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आख्ख्या शहराला वर-खाली नेऊन आणायचा आणि स्वतः मात्र तीन जिने पायांनी चढायचा, कारण या जुन्या दगडी इमारतीला लिफ्टच नव्हती.

"वहिनी, आमच्याकडे माणूस आला की बाई बाहेर येते. तुमच्याकडे बदक येतं," खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणायची. "निदान त्याला एक टोपी तरी शिवून देऊ का?"

"द्या की," वहिनी हसून म्हणायची. "माझ्यापेक्षा मान त्याला जास्त आहे."

हसण्यावारी नेण्यापलीकडे काय करणार? घरातली गोष्ट जिन्यावर सांगण्यासारखी नव्हती. नवऱ्याचे आजोबा फौजेचा लांब कोट घालून लढाईवर गेले होते. तिथे, सगळीकडून वेढलेले असताना, त्यांनी देवाला शब्द दिला: मला सुखरूप राख, मग मी घरी येईन तेव्हा माझ्या दारातून जे पहिलं मला सामोरं येईल ते तुझं. त्यांच्या मनात कुत्रा होता. रोज कुत्राच धावत यायचा. पण त्या दिवशी कुत्रा पलंगाखाली झोपला होता, आणि बाहेर धावत आली ती त्यांची दहा वर्षांची मुलगी. हातात पत्र्याच्या चकत्यांची छोटी डफली, नाचत, वाजवत. बाप तिच्यावर ओरडला, "काय केलंस हे! मातीत घातलंस मला!" एवढंच घरात सांगितलं जाई. त्यापुढचं कुणी सांगत नसे. पुढच्या वर्षी ती नव्हती, बस.

नात्याने ती वहिनीची आतेसासू. वय दहा.

आणि बाप म्हणताना 'एकदाच' म्हणायला विसरला होता. "मी घरी येईन तेव्हा," असं म्हणाला होता. कितीव्या वेळी, ते राहूनच गेलं. म्हणून त्याच्या बायकोने धाकट्या मुलाचं बदक घेतलं, आणि तेव्हापासून या घरातून कुणाच्याही स्वागताला जिवंत माणूस पहिलं बाहेर गेलं नव्हतं.

२

वहिनीला मुलगी एकच. सात वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली, आणि त्याला कारण बदकच.

त्या दिवशी ती भलत्या वेळी घरी आली होती. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याने चार माणसांत तिला नको म्हटलं होतं. तीन जिने रडत चढून आली आणि घंटीवर बोट ठेवलं ते काढेचना. वहिनीने दाराच्या फटीतून पाहिलं. लेकीची पाठ दिसली, खांदे हलत होते. एक पाऊल टाकलं असतं तर हात पोचला असता. पण वहिनीने फडताळावरून बदक आणलं, खाली ठेवलं, तोंड बाहेर केलं, काठी शोधली.

लेकीने वळून बदकाकडे पाहिलं. ते उचललंही नाही. "मला बदक नको होतं, आई," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत तिने लांबच्या गावी नोकरी धरली. फोन यायचे. तब्येत कशी आहे, पाऊस आहे का, ठेवते. वहिनीने तिच्यासाठी काय केलं नाही! दर गुरुवारी उपास धरला. चाळीस दिवस मौन धरलं, इतकं की भाजीवाल्याला वाटलं हिचा घसा गेला. तिच्या खोलीतली चादर दर आठवड्याला बदलली, झोपायला कुणी नसताना. पहाटे पवित्र पोथी उघडायची आणि ज्या ओळीवर बोट पडेल ती लेकीच्या नावाने वाचायची.

मग त्या शुक्रवारी पत्र आलं. फोन नाही, पत्र. चार ओळी होत्या. पुढच्या गुरुवारी दुपारी येते. राहायला येते. पण बदक बाहेर आलं तर आल्या पावली परत जाईन, आणि मग पुन्हा नाही.

वहिनीने पत्र तीनदा वाचलं, घडी घातली, पोथीत ठेवलं, पुन्हा काढलं. तेवढ्यात घंटी वाजली. सहा वाजले होते.

ती फडताळाकडे वळली, तर बदक तिथे नव्हतं.

ते दाराशी होतं, खाली, फरशीवर. तोंड आत करून.

३

"सकाळी तुम्ही असं ठेवलंत का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कसं?"

"उलटं. घराकडे तोंड करून."

"मी कशाला हात लावू? ते तुझं खातं." नवऱ्याने बूट काढले. "सासूबाईंना विचार तुझ्या."

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची खोली बोळाच्या मधोमध. वहिनीने मनाशी म्हटलं, पत्राच्या नादात मीच आणून ठेवलं असेल. डोकं ठिकाणावर नव्हतं. माणूस चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो, त्यातलीच गत.

शनिवारी तिने मुद्दाम बदक पुसलं, फडताळावर ठेवलं, आणि समोर बसून शेंगा सोलल्या. सहा वाजले. घंटी वाजली. बदक जागेवरच होतं. बघ, ती स्वतःला म्हणाली, आणि उठायला लागली.

तेवढ्यात बोळात कुणी धावलं.

अनवाणी पायांचा आवाज होता. थप थप थप, हलका, आनंदाने धावताना येतो तसा. वहिनी शेंगांचं ताट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली आणि तिच्या नकळत तिने मोजलं. तिची अकरा पावलं होतात त्या बोळात वीस पावलं पडली. मग दाराशी आवाज थांबला. आणि त्याबरोबर दुसरा आवाजही थांबला, जो थांबल्यावरच तिच्या लक्षात आला: पातळ पत्र्यावर पत्रा घासल्याचा, छनछन असा.

वरच्या मजल्यावरची मुलं असतील. जुन्या घरात आवाज कुठून कुठे जातो, भिंतीच पोकळ. असं म्हणत ती बदक घेऊन बोळात गेली. बोळ रिकामा. दाराचं जुनं पॉलिश अजून चकाकत होतं, आणि तिच्या कमरेच्या उंचीवर, त्या पॉलिशवर, वाफेचा एक गोल होता. आरशावर श्वास सोडल्यासारखा. ती बघत असताना तो कडेकडेने आकसत गेला आणि नाहीसा झाला.

बाहेरून नवरा म्हणाला, "अगं, झोपलीस का? पाठ दुखायला लागली माझी!"

तिने बदक ढकललं. घाईत ते तिरकं गेलं आणि उंबऱ्यावर आडवं पडलं. तिला त्या क्षणी बदकाची नाही, दुसऱ्याच कुणाची तरी कीव आली. कुणाची, ते कळायला तिला आणखी एक दिवस लागला.

४

रविवारी प्रार्थनेहून परतताना शिंपीण जिन्यात भेटली.

"वहिनी, काल दुपारी तुमच्याकडे पाहुणे होते का?"

"नाही बाई. का?"

"वर कपडे द्यायला चालले होते. तुमच्या खालच्या वळणावर एक गृहस्थ उभे. लांब कोट, या उकाड्यात! जिन्याकडे पाठ करून, भिंतीशी तोंड. मी म्हटलं, कोण हवंय? बोलेचनात. उतरताना बघते तर नाहीत. मला वाटलं तुमच्याच घरचे. तशी पाठ करून उभं राहायची खोड तुमच्याकडेच आहे की नाही!" ती हसली. मग वहिनीचा चेहरा पाहून तिने हसणं आवरलं.

दुपारी सासूबाईंचे केस विंचरताना वहिनीने विषय काढला. कोटाचं नाही सांगितलं, पावलांचं सांगितलं. वेड लागलंय म्हणतील असं वाटलं होतं. सासूबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"तुला आत्ता ऐकू आलं होय," त्या म्हणाल्या. "मी तर लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ऐकतेय. कुणीही घरी आलं की ती धावते. अजून ओरडा खायचाय हे तिला ठाऊकच नाही."

"आणि मग?"

"मग काय! दाराशी पोचते, आणि आपण तिच्या पुढ्यात बदक सारतो. रोज. माझ्या सासूने सारलं, मी सारलं, तू सारतेस."

वहिनीचा कंगवा थांबला. "कधी कुणी तिला जाऊ दिलं नाही?"

"जाऊ द्यायचं कुठे? जो आधी बाहेर पडेल तो गेला. पोथीत वाचतेस ना रोज? बापांचा अपराध तिसऱ्या पिढीपर्यंत, चौथ्या पिढीपर्यंत."

वहिनीने ते कैक वेळा बोटांवर मोजलं होतं. आजोबा एक. सासरे दोन. नवरा तीन. चौथं बोट लेकीचं. त्या बोटावर येऊन ती दर वेळी मूठ मिटायची.

"त्याच पोथीत पुढे असंही आहे की बापाचं ओझं मुलावर पडणार नाही," ती म्हणाली. "ज्याचं त्याला. आणि दया हजार पिढ्यांना."

"आहे की. दोन्ही खरं आहे." सासूबाईंनी आता डोळे उघडले. "आपल्या वाट्याला त्यातलं काय येणार, ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून तर आम्ही कधी उघडलं नाही, वीतभराच्या वर." मग भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "माझी नात येतेय ना? सात वर्षांत तिचा वास विसरले बघ मी."

५

बुधवारी नवऱ्याशी वाजलं.

"बदक मी ढकलतो. रजा काढतो उद्या. तू आत बस," तो म्हणाला.

"ती परत जाईल."

"जाऊ दे. जिवंत तर राहील! तू बाहेर पाऊल टाकलंस आणि तुला काही झालं तर? माझ्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे, की—"

"शपथ नको," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "या घरात शपथेने काय केलं ते बघतोय आपण अजून. आणि तुम्ही रजा काढू नका. दोघांनी दाराशी घाबरून उभं राहण्यापेक्षा एकटीने बरं."

तो रात्री जेवला नाही. सकाळी जाताना फडताळापाशी थांबला, बदकाच्या पाठीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "तिला म्हणावं, तिचा बाप सहाला येतो." आणि भराभर जिने उतरला.

वहिनीने बदक ट्रंकेत घातलं आणि किल्ली पोथीत ठेवली. मग ती गुडघ्यांवर बसली. सवयीने तोंडाशी आलं, देवा, माझी लेक घरात आली तर मी... आणि तिने जीभ चावली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही कबूल न करता मागितलं. "तिला येऊ दे," एवढंच. बदल्यात काही नाही. ते इतकं उघडं-वाघडं वाटलं की तिला लाज वाटली.

दुपार झाली. लेकीच्या खोलीत नवी चादर. पाण्याचा तांब्या भरलेला. सासूबाईंनी स्वतःहून उशा लावून बसवून घेतलं होतं, त्यांचं तोंड बोळाकडे. घर इतकं शांत होतं की नळातून पडणारा थेंब मोजता येत होता.

घंटी वाजली. एकदाच, लहानशी.

वहिनी उठली, आणि तिच्यामागे पावलं उठली.

ती चालत होती, मग तिच्याही नकळत धावायला लागली. मागून थप थप थप. छनछन. सासूबाईंच्या खोलीवरून जाताना तिला दिसलं, म्हातारीची नजर आधी तिच्यावर आली, मग तिच्या मागे, खाली, आणि तिथेच राहिली. दाराशी वहिनी थांबली. कमरेशी कुणाचा तरी भरभर श्वास लागत होता. धावून दमलेल्या, हसू दाबून धरलेल्या मुलाचा.

आता दार उघडायचं. ही पुढे निसटली तर पुन्हा तीच बाहेर पडणार आणि पुन्हा तोच ओरडा. वहिनी पुढे गेली तर वहिनी. आणि कुणीच गेलं नाही तर बाहेर जी उभी आहे ती तीन जिने उतरून जाणार, कायमची.

वहिनीने कडी काढली. मग उजवा हात मागे केला, तळवा उघडून. रस्ता ओलांडताना मुलासाठी करतो तसा. वळून पाहिलं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग तळव्यात चार बोटं आली. गार नव्हती. उन्हात खेळून आल्यासारखी कोमट होती, जराशी चिकट. त्यांनी तिचा अंगठा धरला.

"चल," वहिनी म्हणाली, आणि दार सताड उघडलं, आणि दोघींनी एकदमच पाऊल टाकलं.

६

लेक पाठ करून उभी होती.

सात वर्षं बाहेर राहूनही घरची सवय सुटली नव्हती. तिने लांब कोट घातला होता, आणि तो पाहून वहिनी थबकली. क्षणभर तिला वाटलं, ही वळू नये. जो वळेल तो कोण असेल?

"आई?" ती पाठमोरीच म्हणाली. चाकं वाजली नव्हती, म्हणून तिला वळायचं धाडस होत नव्हतं.

"मीच आहे गं," वहिनी म्हणाली. "नुसती मीच."

लेक वळली. कपाळावर दोन रेघा आल्या होत्या, केस कापले होते, बाकी तीच. वहिनीने डावा हात तिच्या गळ्यात टाकला. उजवा मोकळा नव्हता. लेक तिच्या खांद्यात तोंड खुपसून सात वर्षांपूर्वीचं रडणं रडली, आणि वहिनी म्हणत राहिली, "हो, हो. आलीस. आलीस माझी बाय." काहीही झालं नाही. आभाळ पडलं नाही. तिचं काळीज जोरात धडधडत होतं, पण धडधडत होतं.

मग तळव्यातली बोटं सुटली.

"ही कोण गं?" लेकीने डोळे पुसत विचारलं. ती वहिनीच्या कमरेजवळ पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. "कुणाची मुलगी? केवढी गोड—" तिची मान हळूहळू वळत गेली, तिच्या शेजारून, जिन्याकडे. "अगं, अगं, पडशील! सावकाश!"

थप थप थप. पावलं जिना उतरत होती. छनछन, छनछन, आता न दबता, मोकळी.

वहिनीने कठड्याला धरून खाली वाकून पाहिलं. पाहू नये असं वाटत होतं. लोखंडी गजांमधून खालच्या वळणाचा तुकडा दिसत होता. तिथे कोपऱ्यात एक माणूस उभा होता, भिंतीकडे तोंड करून. कोटाची मागची बाजू दिसली, धुळीने पांढरी झालेली, आणि अंगाशी गच्च धरलेले दोन हात. वर्षानुवर्षं कुणी बोलावण्याची वाट पाहणारा माणूस उभा असतो तसा. घरापासून वीस पायऱ्यांवर, आणि वर यायची हिंमत नाही.

छनछन त्याच्यामागे जाऊन पोचली. कोटाचं टोक कुणीतरी ओढल्यासारखं हललं.

खांदा वळायला लागला. वहिनीने डोळे मिटले.

"आई, कोण आहे खाली?" लेक म्हणाली. तिला तिथून फक्त भिंत दिसत होती.

डफली एकदा जोरात वाजली आणि थांबली. कुणी घट्ट कवेत घेतल्यावर हातातली वस्तू मध्येच अडकते तशी थांबली, की कुणी तोंडावर हात दाबल्यावर सगळंच थांबतं तशी, ते वहिनीला आजवर सांगता आलेलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा वळण रिकामं होतं आणि खाली शिंपिणीचं मशीन टकटकत होतं.

त्यानंतर बोळात पावलं वाजली नाहीत. बदक ट्रंकेतच आहे. आता घंटी वाजली की वहिनी स्वतः बाहेर जाते, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवते, आणि तो वळेपर्यंत श्वास धरून थांबते. वळतो तो नेहमी तिचा नवराच असतो. मग ती त्याच्या खांद्यावरून खालच्या वळणाकडे पाहते, कान देऊन, एक छनछन ऐकू येईल म्हणून, आणि जेवणं गार व्हायला लागली की लेक आतून हाक मारते.